चिखलदऱ्याचा चढ आणि व्रताचा प्रश्न

हिवाळा लागला की अमरावतीहून परतवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर रविवारी पहाटे हेल्मेट घातलेले सायकलस्वार दिसू लागतात. वलगाव, आसेगाव पूर्णा, परतवाडा, धामणगाव गढी आणि मग चिखलदऱ्याचा घाट, असा हा मार्ग. परतवाड्यापर्यंत पन्नासेक किलोमीटर बऱ्यापैकी सपाटी, पुढची तीसेक किलोमीटर चढाची. ज्यांना घाट नको असतो ते मोर्शी-वरुडकडे वळतात. तिथे रस्ता हलके चढउतार घेत संत्र्याच्या बगीच्यांमधून जातो आणि उत्तरेला सातपुड्याची रांग सोबत करते. अकोल्याची मंडळी अकोट-पोपटखेडवरून नरनाळ्याच्या पायथ्याशी जातात, नाहीतर पातूरच्या घाटाला. नाशिकवाल्यांकडे दिंडोरीचे द्राक्षमळे आहेत, वऱ्हाडाकडे संत्रा आहे. सायकलला दोन्ही सारखेच मानवतात. या स्वारांच्या तोंडी काही शब्द हमखास ऐकू येतात. ही आमची वारी. घाट म्हणजे तप. पायडल मारता मारता ध्यान लागते. हौसेला धर्माचे शब्द चिकटवण्याची खोड आपल्याला जुनी आहे आणि बहुतेक वेळा ती हसून सोडून द्यावी. या शब्दांमागे मात्र एक खरा प्रश्न दडलेला आहे. कोणी सांगितले नसताना, पोटाची गरज नसताना, केवळ मनात आले म्हणून माणूस अंगाला जे कष्ट देतो, त्यांना धर्माच्या दृष्टीने काही मोल आहे काय? माझे उत्तर होकारार्थी आहे, पण सायकलस्वार स्वतः जी कारणे देतात ती मला पटत नाहीत.

सुरुवात रेल्वेपासून करावी लागेल. १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे भुसावळकडून शेगाव, अकोला, बडनेरा करीत नागपूरला पोचली. त्याआधी वऱ्हाडातून पंढरपूरला जायचे म्हणजे बहुतेकांना पायदळच जावे लागे. फार तर बंडी. त्या चालण्यात भक्ती असेलही, पण चालणे ही भक्तीची खूण नव्हती, कारण दुसरा मार्गच नव्हता. गाडी आली आणि चालण्याचा अर्थ आतून बदलला. आता पायदळ जाणारा माणूस स्टेशन सोडून चालत होता. आज शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला पायदळ निघते तेव्हा एसटी आहे, रेल्वे आहे, पंचाहत्तरीपुढच्या म्हाताऱ्यांना एसटीचा प्रवास फुकट आहे. तरी माणसे महिनाभर चालतात. यंत्राने पायदळ वारी मोडेल असे कुणाला वाटले असेल, तर झाले उलटे. चालणे सक्तीचे होते तोवर तो केवळ प्रवास होता. ते ऐच्छिक झाल्यावर त्याला व्रताचे रूप आले. वारीची परंपरा रेल्वेहून कितीतरी शतके जुनी आहे हे खरे. पण चालण्याचाच जो अभिमान आणि जो नेम आज दिसतो, त्याला हाताशी असलेल्या पर्यायाची पार्श्वभूमी आहे.

अकोल्यात हेच श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी पाहायला मिळते. शहरापासून सतरा-अठरा किलोमीटरवर गांधीग्रामला पूर्णा नदी आहे. तिथले पाणी भरून रात्रभर अनवाणी चालत कावडी राजराजेश्वराच्या मंदिरात आणतात. अकोल्याच्या नळाला पाणी येते आणि महादेवाला नळाचे पाणी चालत नाही असे काही नाही. मोठ्या मंडळांच्या कावडीला पितळी भरण्यांच्या ओळीच्या ओळी बांधलेल्या असतात, खांदे सारखे बदलावे लागतात, डांबरावर पाय सोलून निघतात. पाणी टेम्पोत घालून अर्ध्या तासात आणता आले असते, आणि उत्सवाचा सारा अर्थ तिथेच आहे. सोपा मार्ग हाताशी असताना स्वतःहून एक मर्यादा घालून घ्यायची, ती जाहीर करायची आणि शेवटपर्यंत पाळायची. उपवासही असाच असतो. घरात धान्य नाही म्हणून उपाशी राहणाऱ्याची एकादशी होत नाही.

सायकलला ही पायरी फार उशिरा आली. एके काळी वऱ्हाडात सायकल म्हणजे दूधवाला, पोस्टमन, दोन गावांपलीकडच्या शाळेत जाणारे मास्तर. मागच्या कॅरिअरवर कडब्याची पेंढी किंवा पिठाचा डबा. त्या काळी सायकलवर परतवाड्याला जाणाऱ्याला कोणी तपस्वी म्हटले नसते. बस चुकली असेल, एवढेच म्हटले असते. घरोघरी मोटारसायकल आल्यावर सायकल मोकळी झाली. आज जो माणूस दारातली दुचाकी तिथेच ठेवून सायकलने निघतो तो निदान आकाराने तरी व्रतच करत असतो. माझा मुद्दा एवढाच आहे: या भटकंतीत धर्म असलाच तर तो स्वतःहून घेतलेल्या मर्यादेत आहे. निसर्गात नाही, कष्टात नाही, ध्यानातही नाही.

निसर्गापासून पाहू. हिरव्यागार बगीच्यांतून जाताना देव भेटल्यासारखे वाटते, असे पुष्कळ जण सांगतात. वाटत असेल. फेब्रुवारीत आंबिया बहाराची फुले उमलली की मोर्शी-वरुडच्या पट्ट्यात वासाने रस्ता भरून जातो, हे मीही नाकारणार नाही. पण तो बहार कसा येतो ते जरा जवळून पाहावे. डिसेंबरच्या सुमारास शेतकरी झाडाचे पाणी तोडतो. याला ताण देणे म्हणतात. जमीन हलकी असली तर थोडे दिवस, भारी काळी असली तर महिना-दीड महिना. पाने मलूल होतात, पिवळी पडतात, काही गळतात. झाडाची वाढ थांबते. मग खत घालून पुन्हा पाणी सोडले की फांद्यांवर कळ्या फुटतात. मृग बहारासाठी हेच उन्हाळ्यात करतात आणि ताण पावसाने तुटतो. म्हणजे सायकलस्वाराला जो निसर्गाचा सहज आविष्कार वाटतो तो शेतकऱ्याने हिशेबाने घडवलेला असतो. शेंदूरजना घाटच्या रोपवाटिकेत जंबेरीच्या खुंटावर डोळा भरून ते कलम तयार झाले, खोडाला बोर्डो पेस्टचा निळसर पट्टा लागला तो डिंक्या रोगाच्या भीतीने, वाकलेल्या फांद्यांना बांबूचे टेकू दिले. पाणी शेकडो फूट खोल बोअरमधून उपसलेले आहे, आणि वरुड, मोर्शी हे तालुके भूजलाच्या अतिउपशासाठी सरकारदप्तरी नोंदले गेले आहेत. या हिरवळीला देवाचे दर्शन म्हणणाऱ्याने वीजबिल, बोअरचे कर्ज आणि फळगळ यांनाही त्या दर्शनात जागा दिली पाहिजे. ती सहसा दिली जात नाही.

निसर्गाच्या युक्तिवादाला याहून मोठी अडचण याच जिल्ह्यात आहे. चांदूर बाजारजवळच्या माधानचे गुलाबराव महाराज अगदी तान्हेपणी दृष्टी गमावून बसले होते. १८८१ ते १९१५ एवढ्या आयुष्यात त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ रचले, ज्ञानेश्वरांना माउली मानून स्वतःला त्यांची कन्या म्हणवून घेतले, मधुराद्वैताचा विचार मांडला. सातपुड्याची निळी रांग त्यांनी कधी पाहिली नाही. देखावा हा ईश्वराकडे जाण्याचा आवश्यक रस्ता असेल तर वऱ्हाडातला हा एवढा मोठा तत्त्ववेत्ता त्या रस्त्याबाहेर राहतो, आणि ते मानायला मी तयार नाही. शिवाय देखाव्यावर भिस्त ठेवली तर अकोल्याहून अकोट किंवा दर्यापूरकडे जाणारा स्वार काय करणार? तो पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातून जातो. जमीन ताटासारखी सपाट, विहिरीचे पाणी खारट, बगीचा नाही, रस्त्याकडेला सावली बेताची. कपाशी, तूर, हरभरा, पुन्हा तूर. पुढे अकोट-अंजनगावकडे पाणी गोडे होते तेव्हा केळी दिसतात, पानमळे आणि पानपिंपरी दिसते. केळी दिसू लागल्यावर प्रवास पवित्र झाला आणि त्याआधी नव्हता, असे म्हणणे हास्यास्पद होईल. उलट नेमाची परीक्षा त्या खाऱ्या पट्ट्यातच होते, कारण तिथे डोळ्यांना लाच नाही.

आता कष्ट. परतवाड्यापासून चिखलदरा जवळपास साडेसातशे मीटर उंच आहे. ते ठिकाण समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरवर. धामणगाव गढी सोडले की वळणे सुरू होतात, गिअर हलका होत जातो, शेवटी आणखी हलका गिअर उरत नाही. मांड्या पेटतात. यालाच तप म्हणायचा मोह होतो. पण भारतीय परंपरेने केवळ देहदंडाला तप म्हटलेले नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. गीतेच्या सतराव्या अध्यायात तपाचे तीन प्रकार केले आहेत. सत्कार आणि मान मिळावा म्हणून केलेले तप राजस, हट्टाने स्वतःला पीडा देऊन केलेले तामस, आणि फळाची अपेक्षा न धरता श्रद्धेने केलेले सात्त्विक. त्याच अध्यायात शरीराला उगाच छळणाऱ्यांना आसुरी बुद्धीचे ठरवले आहे. या कसोटीवर मांडीतल्या वेदनेला स्वतंत्र किंमत उरत नाही. वेदना मर्यादा पाळण्याचा परिणाम असू शकते. ती उद्दिष्ट झाली की प्रकरण तामसाकडे झुकते. आणि घाटमाथ्यावर पोचल्यावर लगेच मोबाइल काढून किती वेळ लागला, कितवा क्रमांक आला, किती जणांनी शाबासकी दिली हे पाहिले की राजस तपाची व्याख्या उदाहरणासह पूर्ण होते. सरासरी वेग मोजायला माझी हरकत नाही. ज्याला फळ मोजायचे आहे त्याने खुशाल मोजावे; मग वारी हा शब्द तेवढा वापरू नये.

मर्यादा कशी असावी याचा एक जुना आणि कडक नमुना या बगीच्यांच्या पट्ट्यातच घडला. मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर हे गोविंदप्रभूंचे गाव, महानुभावांचे मोठे तीर्थ. चक्रधर स्वामींनी गोविंदप्रभूंची भेट झाल्यावर बारा वर्षे सालबर्डीच्या डोंगरात घालवली असे परंपरा सांगते, आणि म्हाइंभटांचे लीळाचरित्र तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध झाले ते रिद्धपुरातच. आज तिथे मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे हे ठीकच, पण रिद्धपुराने मराठी विचाराला गद्याखेरीज आणखी एक गोष्ट दिली, ती अटनाची शिस्त. महानुभाव साधकाने एका गावी रुजून बसू नये, हिंडत राहावे, एकांत धरावा, घर न निवडता भिक्षा मागावी, मिळेल ते खावे, पुढे निघावे. या भटकण्यात स्थळांची हौस नाही. हे गाव आवडले म्हणून राहिलो, ते नावडले म्हणून टाळले, याला वाव नाही. साधकाची आवड-निवड काढून घेणे हेच अटनाचे काम. त्याच पंथाने पुढे स्थानपोथीत स्वामींचा पाय लागलेली ठिकाणे दिशांसकट बारकाईने नोंदवली, ओटे बांधले, ते नमस्कारायला माणसे लांबून येऊ लागली, हा विरोधाभास आहेच. पण मला तो दोष वाटत नाही. ज्याने स्थळाचा लोभ सोडला त्याच्या स्मृतीसाठी स्थळे जपावीत, हा माणसाच्या मनाचा अटळ गुंता आहे. जगातल्या बहुतेक धर्मांत तो सापडतो.

या अटनाशेजारी आजच्या लांब पल्ल्याच्या सायकलिंगचा नियम ठेवून पाहावा. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सायकलयात्रा १८९१ साली शर्यत म्हणून सुरू झाली आणि पुढे हौशी स्वारांची झाली. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबच्या नियमांखाली जगभर, महाराष्ट्रातही, ज्याला आपले स्वार बीआरएम म्हणतात ते उपक्रम होतात. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ६०० ला ४० तास. ठरलेल्या वेळेत पोचलेले सगळे सारखेच. पहिला-दुसरा क्रमांक नाही, बक्षिसाची रक्कम नाही. नियंत्रणाच्या ठिकाणांखेरीज वाटेत मदतीची गाडी चालत नाही. फळाची मोजणी इतकी कमी केलेला खेळ दुसरा सांगणे कठीण आहे, आणि फ्रेंच शर्यतबाजांच्या हातून नकळत गीतेला धरून काही घडले याची मला मजा वाटते. तरीही अटन आणि बीआरएम एक नव्हेत. बीआरएमचा अभिमान स्वावलंबनाचा आहे: माझी ट्यूब मी बदलीन, माझे पाणी मी वाहीन. भिक्षेचा नियम याच्या नेमका उलटा. तिथे साधकाला परावलंबी करायचे असते, कारण मी माझ्या बळावर उभा आहे हा समजच मोडायचा असतो. आणि खरे पाहता स्वाराचे स्वावलंबन कागदावरच असते. बाटली संपते तेव्हा तो कोणाच्या तरी बगीच्यातल्या मोटरच्या धारेखाली ती भरतो. आसेगावच्या टपरीवर चहा पितो. पंक्चरची दुसरी ट्यूब संपली की ट्रॅक्टरच्या ट्यूब जोडणाऱ्या पोराकडे बसतो. ते बगीच्यातले पाणी किती खोलीवरून आले आहे हे वर सांगितलेच आहे. वऱ्हाडात वाटसरूला पाणी नाकारत नाहीत म्हणून ते फुकट ठरत नाही. स्वतःहून घेतलेल्या मर्यादेचा खरा लाभ इथे होतो. मोटारीत बसलेल्याला या माणसांची गरज पडत नाही, सायकलवाल्याला पडते, आणि ती पडणे हे त्याने निवडलेले असते. व्रतातून देव प्रसन्न होतो की नाही ते मी सांगू शकत नाही. पण आपण किती जणांवर अवलंबून आहोत याचा हिशेब अंगावर येतो, एवढे नक्की.

यावर पहिला आक्षेप येईल तो पैशाचा. लाखाची सायकल, हजारांचे बूट, आणि शेजारच्या वावरात रोजाने तोडाईला आलेल्या बाया. स्वेच्छेचे कष्ट ही सुखवस्तू माणसाची चैन आहे, तिला धर्माचा टिळा कशाला? आक्षेपातला अर्धा भाग खरा आहे. मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलवर एखाद्या खेड्यातली मुलगी रोज शाळेत जाते, तिच्या पायडलात आणि रविवारच्या स्वाराच्या पायडलात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ती थांबू शकत नाही. स्वार थांबू शकतो. घाटाच्या मध्यावर कंटाळा आला तर पिकअपला हात करू शकतो. व्रत मोडता येते म्हणूनच ते व्रत असते. म्हणून तोडाईच्या मजुराच्या घामाला तप म्हणून त्याची पूजा बांधणे मला अत्यंत गैर वाटते. झाडाला दिलेल्या ताणाला झाडाची तपश्चर्या म्हणावे, तसलाच तो प्रकार. तिथे रास्त मजुरीचा विषय आहे, अध्यात्माचा नाही. पण आक्षेपाचा दुसरा अर्धा भाग, की स्वेच्छेचे कष्ट श्रीमंतांनाच परवडतात, तो अकोल्याची कावड पाहिल्यावर टिकत नाही. कावडीला खांदा देणाऱ्यांत हमाली करणारे असतात, गॅरेजवाले असतात, आठवडाभर ओझे उचलून पुन्हा रविवारी रात्री ओझेच उचलणारे असतात. सक्तीचे ओझे वाहणाऱ्यालाही एक ओझे स्वतःच्या मर्जीचे हवे असते. ते त्याच्याकडून काढून घेऊन फक्त सुखवस्तूंच्या नावावर मांडणे हा गरिबांचा सन्मान नव्हे.

दुसरा आक्षेप मला फारसा अवघड वाटत नाही. सायकल चालवताना मजा येते, मग ते व्रत कसले? ज्या परंपरेत दिंडीत फुगडी घालतात, रिंगणात घोड्यामागे धावतात, तिला आनंदाचे वावडे कधीच नव्हते. नेम पाळताना तोंड लांब हवे ही अपेक्षा आपल्याकडची नाही.

तिसरा आक्षेप मात्र वलगावला आडवा येतो. परतवाड्याच्या या रस्त्यावर अमरावती सोडली की थोड्याच वेळात पेढी नदीचा पूल लागतो. २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांचे देहावसान झाले ते इथेच. बाबा आयुष्यभर हिंडले. अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावात जन्मलेला हा माणूस गावात शिरला की आधी खराटा हाती घेई, दिवसभर रस्ता झाडी आणि रात्री कीर्तनात लोकांना विचारी की देव कुठे आहे. पंढरपूरला, नाशिकला, आळंदीला धर्मशाळा बांधल्या त्या देवासाठी नव्हे, देवाकडे येणाऱ्या गरिबांसाठी. बाबांच्या दृष्टीने पाहिले तर चिखलदऱ्यापर्यंत रिकाम्या हाताने जाऊन रिकाम्या हाताने परत येणारा स्वार काय करतो? कोणाचे भले होते? या प्रश्नाला सायकलमुळे प्रदूषण कमी होते, आरोग्य सुधारते असली उत्तरे देणे म्हणजे पळवाट आहे. रविवारी एक मोटार कमी धावल्याने वऱ्हाडाचे काही भले होत नाही. प्रामाणिक उत्तर हे की व्रत म्हणजे सेवा नव्हे आणि सेवेची जागा ते घेऊ शकत नाही. एकादशी करणाऱ्याने कोणाला जेवू घातलेले नसते. पण एकादशीमुळे भूक कशी असते ते कळते, आणि अटनामुळे पाणी देणारा कोण असतो ते कळते. पुढचे काम त्या कळण्याने आपोआप होत नाही, ते वेगळे करावेच लागते. बाबांनी ते केले म्हणून ते बाबा झाले.

याच पुलावर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. ज्या माणसाने इतकी वर्षे गावोगाव पायपीट केली, त्याचा शेवटचा श्वास मोटारीत गेला, अमरावतीच्या वाटेवर. कामासाठी वाहन लागले तेव्हा बाबांनी ते वापरले. पायी चालण्याचे सोवळे त्यांनी कधी पाळले नाही. वाहनाने कोणी बाटत नाही आणि सायकलने कोणी शुद्ध होत नाही. पायदळ गेलेला वारकरी पंढरपुरात एसटीतून उतरणाऱ्या म्हातारीच्याही पायाला हात लावतो, कारण चालणे हा त्याचा नेम आहे, तिच्यावरची अट नाही. चिखलदऱ्याच्या पठारावर मोटारीतून आलेले, भीमकुंडाशी फोटो काढणारे, मक्याचे कणीस खाणारे एखादे कुटुंब भेटते तेव्हा घामेजलेल्या स्वाराला असेच वागता येत असेल, तर त्याच्या तोंडच्या वारी या शब्दाला माझी हरकत राहणार नाही.